एक ग्रॅम पॉलिमर नेमकी किती जागा अडवतं?

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम मीठ टाकलं आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, मोजली तर ती जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढते, नुसत्या डोळ्यांना काही कळणारही नाही. आता तेवढ्याच पाण्यात १ ग्रॅम पॉलिइथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर (म्हणजे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली चेन) टाका, पण चांगलं लांबलचक चेनवालं, मॉलेक्युलर वेट ४० लाखांच्या आसपासचं. ते पूर्ण विरघळलं की पाणी हजारपटीच्या वर घट्ट झालेलं असतं, बाटली तिरकी केली तर आळसावल्यासारखं सरकतं आणि आत काडी बुडवून वर काढली की मागोमाग तार येते. वजन तेच, १ ग्रॅम. पाणीही तेच. मग एवढा फरक आला कुठून?

तर गोष्ट अशी आहे की वाहणाऱ्या द्रवाला आत टाकलेल्या वस्तूच्या वजनाशी फारसं देणंघेणं नसतं, ती किती जागा अडवून बसलीये याच्याशी असतं. आणि जागा अडवण्यात पॉलिमरची चेन एकदम पटाईत.

खरं सांगायचं तर वरचं १ टक्क्याचं सोल्यूशन डायल्यूट नाहीच, त्यात चेन एकमेकींत पार गुंतलेल्या असतात आणि तो गुंता हा वेगळाच विषय आहे. आपल्याला बघायचंय ते त्याच्याही बरंच आधीचं, जिथे पॉलिमर इतकं कमी आहे की प्रत्येक चेन एकटी, शेजारणीचा धक्काही न लागता तरंगतेय. तिथे भानगडी कमी असतात त्यामुळे एकेका चेनबद्दल बरंच काही कळतं, आणि तेही काचेची एक नळी आणि स्टॉपवॉच एवढ्यावर. मला हा भाग पॉलिमर सायन्समधला सगळ्यात सुंदर वाटतो, बाकीच्यांना तो सगळ्यात रटाळ प्रॅक्टिकल वाटतो, असो.

आधी चेन दिसते कशी ते बघू. समजा डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस १०,००० पावलं चालला आणि प्रत्येक पाऊल भलत्याच दिशेला पडलं, तर तो सुरुवातीच्या जागेपासून १०,००० पावलं लांब नसतो, साधारण १०० पावलांवर असतो, म्हणजे पावलांच्या संख्येचं वर्गमूळ. पॉलिमरची चेन अशीच वेडीवाकडी वळत जाते आणि तिचा एक सैलसर गोळा होतो, त्याला रँडम कॉइल म्हणतात. (खऱ्या चेनमध्ये बाँडचे अँगल ठरलेले असतात, वळायला थोडी आडकाठी असते, म्हणून गोळा या हिशोबापेक्षा मोठा निघतो, पण वर्गमूळाचा मुद्दा तसाच राहतो.) हे चित्र १९३४ च्या सुमाराला वेर्नर कून यांनी मांडलं. गोळा म्हटल्यावर गोटी डोळ्यांसमोर आणू नका, लोकर विस्कटून जो भुसभुशीत पुंजका होतो तो आणा. त्यात लोकर अगदी थोडी आणि मोकळी जागाच जास्त, आणि ती सगळी मोकळी जागा सॉल्व्हंटने, म्हणजे ज्यात पॉलिमर विरघळलंय त्या द्रवाने भरलेली.

आता हा पुंजका वाहत्या पाण्यात सोडा. पाणी वाहतं म्हणजे थरांवर थर सरकतात, वरचा जोरात, खालचा हळू. पुंजक्याचं वरचं टोक जोरात ढकललं जातं आणि खालचं मागे रेंगाळतं, त्यामुळे तो स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे जातो. मुद्दा असा की आतलं सॉल्व्हंट बाहेरच्या प्रवाहाबरोबर सहजासहजी निघून जात नाही, ते चेनबरोबरच फिरतं, जवळजवळ पुंजक्याचाच भाग असल्यासारखं. म्हणजे प्रवाहाच्या दृष्टीने तो भरीव गोळाच झाला! थोडीशी चेन आणि तिच्या जिवावर भलंमोठं पाणी अडकलेलं. १९५३ मध्ये राउस यांनी सॉल्व्हंट चेनच्या मधून आरपार जातं असं धरून गणित केलं होतं, १९५६ मध्ये झिम यांनी ते आत अडकतं हे धरलं आणि डायल्यूट सोल्यूशनला झिमचंच गणित लागू पडतं.

गोळ्यांमुळे द्रव किती घट्ट होतो याचा हिशोब मात्र पॉलिमरच्या कल्पनेच्याही आधीचा आहे, आणि तो आइनस्टाइनचा. १९०५ च्या थिसिसमध्ये त्याने साखरेच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी वापरून रेणूचा आकार आणि अ‍ॅव्होगाड्रो नंबर काढायचा प्रयत्न केला. आज आपण जो फॉर्म्युला वापरतो तो असा: सोल्यूशनची व्हिस्कॉसिटी म्हणजे सॉल्व्हंटची व्हिस्कॉसिटी गुणिले (१ अधिक २.५ गुणिले गोळ्यांनी अडवलेला हिस्सा). गंमत म्हणजे १९०६ मध्ये छापलेल्या पेपरात हा २.५ नव्हताच, तिथे नुसता १ होता. पॅरिसला पेरां यांच्या लॅबमध्ये बान्सलां यांनी प्रत्यक्ष मोजलं तर आकडा बराच मोठा येत होता, मग आइनस्टाइनने हॉप्फ नावाच्या सहकाऱ्याला गणित तपासायला लावलं आणि चूक सापडली, आणि १९११ मध्ये दुरुस्ती छापून आली. २.५ घातल्यावर अ‍ॅव्होगाड्रो नंबर आला ६.५६ गुणिले १० चा २३ वा घात, आजच्या ६.०२ च्या बराच जवळ. थिसिसमध्ये तो २.१ आला होता! (नंतर त्याने साखरेची जास्त चांगली मापंही वापरली होती, सगळं श्रेय त्या २.५ ला नाही.)

या फॉर्म्युल्यात एक गोष्ट नीट बघा. गोळा केवढा आहे हे त्यात कुठेच येत नाही. मोठे दहा असोत की बारीक दहा लाख, एकूण जागा किती अडली एवढंच येतं.

आता मोजायचं कसं. काचेची उब्बेलोडे नळी असते, तीन हातांची, त्यातल्या एका हातात वर एक छोटा फुगा, फुग्याच्या वर-खाली दोन रेघा आणि खाली केसासारखी बारीक कॅपिलरी. द्रव वर ओढायचा, सोडायचा, वरची रेघ ओलांडली की स्टॉपवॉच चालू, खालची ओलांडली की बंद. तिसरा हात कशाला? त्यातून हवा येऊन कॅपिलरीच्या खालचा द्रवाचा खांब तुटतो, मग खालच्या टाकीत किती द्रव आहे याने काहीच फरक पडत नाही, त्यामुळे नळीतच सॉल्व्हंट घालत घालत पातळ करत जाता येतं. जुन्या ऑस्टवाल्ड नळीत ही सोय नव्हती, दर वेळी मोजून तेवढाच द्रव भरा.

उदाहरण म्हणून सोपे आकडे घेऊ. नुसतं सॉल्व्हंट १०० सेकंदांत उतरतं. १०० मिलीत पाव ग्रॅम पॉलिमर असेल तर १२१.४ सेकंद लागतात, अर्धा ग्रॅम असेल तर १४५.६, एक ग्रॅम असेल तर २०२.४. वेळेचं गुणोत्तर म्हणजे रिलेटिव्ह व्हिस्कॉसिटी: १.२१४, १.४५६, २.०२४. त्यातून १ वजा केला की पॉलिमरमुळे झालेली वाढ उरते, तिला स्पेसिफिक म्हणतात: ०.२१४, ०.४५६, १.०२४. आता प्रत्येकाला त्याच्या काँसंट्रेशनने भागा: ०.८५६, ०.९१२, १.०२४. ही झाली रिड्यूस्ड. चेन खरंच एकट्या असत्या तर हे तिन्ही आकडे सारखे यायला हवे होते, पण काँसंट्रेशनबरोबर ते वाढतायत, म्हणजे शेजारणींचा धक्का थोडाफार लागतोयच. मग काय करायचं, तर ग्राफ काढायचा आणि रेघ मागे ओढत शून्य काँसंट्रेशनपर्यंत न्यायची, जिथे शेजारीण नावालाही नाही. इथे ती ०.८० वर जाऊन टेकते.

हा आकडा म्हणजे इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी. मागे ओढायची ही पद्धत हगिन्स यांची, १९४२ ची. त्याआधी १९३८ मध्ये क्रेमर यांनी रिलेटिव्हचा नॅचरल लॉगॅरिदम घेऊन त्याला काँसंट्रेशनने भागायची पद्धत काढली होती (या आकड्याला इन्हेरंट म्हणतात), तिची रेघ खाली उतरत जाते. वरच्याच आकड्यांचा लॉग घेतलात तर ०.७७६, ०.७५१, ०.७०५ येतात आणि मागे नेल्यावर तीही रेघ ०.८० पाशीच पोचते. दोन्ही रेघा एकाच ठिकाणी भेटल्या नाहीत तर समजायचं कुठेतरी माती खाल्लीये.

या सगळ्या नावांचा घोळ मात्र कुणीतरी मुद्दाम घातल्यासारखा आहे. रिलेटिव्ह, स्पेसिफिक, रिड्यूस्ड, इन्हेरंट, इंट्रिन्सिक, सगळ्यांच्या शेपटीला व्हिस्कॉसिटी आणि त्यातली एकही व्हिस्कॉसिटी नाही. पहिल्या दोघींना युनिटच नाही. इंट्रिन्सिकला आहे, आणि ते आहे डेसिलिटर प्रति ग्रॅम. अहो, हे व्हिस्कॉसिटीचं युनिट कुठे आहे, ही तर जागा आहे! एका ग्रॅममागे किती जागा. केमिस्ट्रीतली नावं ठरवणाऱ्या आययुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने म्हणूनच लिमिटिंग व्हिस्कॉसिटी नंबर असं नाव सुचवलं, पण लॅबमध्ये ते कुणाच्या तोंडी बसलेलं मी तरी ऐकलं नाही, सगळे सरळ आयव्ही म्हणतात.

तर ०.८० डेसिलिटर म्हणजे ८० मिली प्रति ग्रॅम. आइनस्टाइनच्या २.५ ने भागा: ३२ मिली. म्हणजे आपलं १ ग्रॅम पॉलिमर, जे कोरडं असताना साधारण १ मिली जागेत मावतं, ते सोल्यूशनमध्ये ३२ मिली अडवून बसलंय. गोळ्यात पॉलिमर ३ टक्के, उरलेलं ९७ टक्के सॉल्व्हंट. स्टॉपवॉचवरून हे कळलं, मायक्रोस्कोप नाही की काही नाही. आणि याच आकड्यावरून डायल्यूट कुठपर्यंत म्हणायचं तेही कळतं, आयव्हीचा उलटा करायचा: १ भागिले ०.८० म्हणजे १.२५ ग्रॅम प्रति डेसिलिटर. तिथे गोळे एकमेकांना टेकायला लागतात. आपलं १ ग्रॅमचं रीडिंग म्हणजे अगदी काठावरचं होतं, शहाण्या माणसाने त्याहून पातळ घ्यावं.

पण फार पातळही नको हं. पाण्याची व्हिस्कॉसिटी एका डिग्रीला साधारण २ टक्के बदलते. बाथचं टेंपरेचर अर्धी डिग्री हललं तर वेळेत १ टक्का चूक. रिलेटिव्ह १.१० असेल आणि त्यात १ टक्का चूक असेल तर १ वजा केल्यावर उरलेल्या ०.१० मध्ये ती चूक तब्बल ११ टक्के होते. वजाबाकीचा हा मार भल्याभल्यांना कळत नाही, म्हणून तर बाथ डिग्रीच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागापर्यंत स्थिर ठेवायचा आटापिटा असतो.

आता मॉलेक्युलर वेट. हा हेर्मान श्टाउडिंगरचा प्रांत. १९२० मध्ये त्याने म्हटलं की रबर, पॉलिस्टायरीन वगैरे म्हणजे साध्या बाँडने जोडलेल्या प्रचंड लांब चेन आहेत, आणि बऱ्याच मोठमोठ्या केमिस्टांना ते पटेना, त्यांच्या मते हे छोटे रेणूच एकत्र चिकटून बसलेले असणार. श्टाउडिंगरने हत्यार म्हणून व्हिस्कॉसिटी उचलली: चेन जितकी लांब तितकं सोल्यूशन घट्ट, आणि वाढ सरळ मॉलेक्युलर वेटच्या प्रमाणात. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. लांब चेन आहेत हे त्याचं बरोबर निघालं, पण चेन ताठ काठीसारखी असते असं तो धरून बसला होता ते साफ चूक, आणि सरळ प्रमाणाचा नियमही बहुतेक पॉलिमरना लागू पडत नाही.

दुरुस्त नियम मार्क, हाउविंक आणि साकुरादा यांच्या नावाने चालतो: आयव्ही म्हणजे के गुणिले मॉलेक्युलर वेटचा ए वा घात. खरी मजा ए मध्ये आहे. भरीव गोटीला ए शून्य, कारण गोटी मोठी झाली तरी ग्रॅममागे जागा तेवढीच. सैल कॉइल असेल तर चेन दहापट केल्यावर लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी वर्गमूळाने वाढते, जागा झाली ३१.६ पट पण वजन वाढलं दहापटच, म्हणजे ग्रॅममागे जागा ३.१६ पट: ए झाला ०.५. चांगल्या सॉल्व्हंटमध्ये तो ०.७ ते ०.८ असतो, आणि एकदम ताठ काठी असेल तर २ च्या जवळ जातो. म्हणजे नुसत्या ए वरून चेनचा स्वभाव कळतो. के आणि ए दर पॉलिमर-सॉल्व्हंट-टेंपरेचरच्या जोडीला वेगळे, हँडबुकातून घ्यायचे, आणि सॉल्व्हंट एक नि कॉन्स्टंट भलत्याचे असं केलंत तर उत्तर दुप्पट-तिप्पट चुकतं. शिवाय येणारं मॉलेक्युलर वेट हे सरासरी असतं, नंबर अ‍ॅव्हरेज (सगळ्या चेन सारख्याच धरणारं) आणि वेट अ‍ॅव्हरेज (जड चेनना जास्त मान देणारं) यांच्या मधलं, वेटकडे झुकलेलं.

चांगलं सॉल्व्हंट म्हणजे काय? ज्याच्याशी चेनचं छान जमतं ते. मग ती त्याला जास्तीत जास्त भेटायला हातपाय पसरते आणि गोळा फुगतो. वाईट सॉल्व्हंटमध्ये अंग चोरून बसते. पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये फुगलेलं असतं. तेच सायक्लोहेक्झेनमध्ये ३४.५ डिग्री सेल्सियसला बरोबर अशा अवस्थेत येतं की फुगणं आणि आक्रसणं एकमेकांना फेडून टाकतात आणि चेन पट्टी बांधलेल्या माणसासारखी अगदी मोकाट चालीने वळते. याला थीटा टेंपरेचर म्हणतात, पॉल फ्लोरीचं हे काम, १९७४ चं नोबेल त्याला. दहा लाख मॉलेक्युलर वेटच्या पॉलिस्टायरीनची आयव्ही थीटाला ८० मिली प्रति ग्रॅमच्या आसपास असते आणि टोल्युइनमध्ये तिच्या अडीच-तीनपट. चेन तीच, फक्त सॉल्व्हंट बदललं.

आता माझी फजिती. शिकत असताना मला पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडच्या सोडियम सॉल्टची आयव्ही काढायला दिली होती, शुद्ध पाण्यात विरघळवून मी मोठ्या उत्साहाने बसलो. पातळ करत गेलो की रिड्यूस्ड व्हिस्कॉसिटी कमी व्हायला हवी, पण माझी वाढतच चालली होती, जितकं पातळ तितका आकडा मोठा, रेघ शून्याकडे जाताना आकाशात. मला वाटलं कॅपिलरीत कचरा अडकलाय. नळी तीनदा धुतली, सोल्यूशन पुन्हा गाळलं, संध्याकाळपर्यंत तेच. शेवटी सरांकडे गेलो, त्यांनी ग्राफकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "अरे, मीठ टाकलंस का?" म्हटलं, नाही सर, मीठ कशाला? "मग बरोबरच आलाय की ग्राफ."

झालं असं होतं की या चेनवर जागोजागी निगेटिव्ह चार्ज असतो आणि सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात. सोल्यूशन दाट असतं तेव्हा सुटे सोडियम आयन आजूबाजूला भरपूर असतात आणि ते चार्ज झाकून टाकतात. पातळ करत गेलं की हे राखणदारही विरळ होतात, चार्ज उघडे पडतात, चेनचा प्रत्येक तुकडा शेजारच्याला लांब ढकलतो आणि कॉइल उलगडून ताणली जाते. म्हणजे मी पाणी घालत होतो आणि ती आणखी जागा अडवत होती! १९४८ च्या सुमाराला फ्युऑस यांनी याचा हिशोब बसवला. उपाय सोपा, सुरुवातीलाच ठरावीक प्रमाणात मीठ घालायचं आणि पातळ करतानाही तेच मिठाचं पाणी वापरायचं, म्हणजे राखणदारांची संख्या कायम राहते. मीठ टाकून पुन्हा केलं, रेघ एकदम शहाण्यासारखी सरळ आली. त्या दिवसापासून इंट्रिन्सिक म्हटलं की मला आकडा आठवतच नाही, ताणलेली आणि आक्रसलेली चेनच दिसते.

याचा कारखान्यात उपयोग काय असं कुणी विचारेल. पेट (पीईटी) बाटल्यांचं प्लास्टिक आयव्ही सांगूनच विकलं जातं, बाटलीला साधारण ०.७० ते ०.८५ डेसिलिटर प्रति ग्रॅम लागते. वितळवताना त्यात ओलावा राहिला असेल तर गरम पाण्याने चेन तुटतात, आयव्ही घसरते आणि बाटली ठिसूळ होते, म्हणून आधी ते कडक वाळवतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारांभोवती जो कागद गुंडाळलेला असतो त्याचं उरलेलं आयुष्यसुद्धा असंच बघतात: बारीक तुकडा घ्यायचा, कॉपर इथिलीनडायअमीनमध्ये विरघळवायचा, नळीतून सोडायचा. नव्या कागदात सेल्युलोजच्या एका चेनमध्ये हजारावर कड्या असतात, त्या २०० पर्यंत आल्या की कागद संपला असं धरतात.

आणि एक असं की जिथे हा सगळा जागेचा हिशोब उलटाच पडतो. १९४८ मध्ये टॉम्स यांनी सांगितलं की पाइपात द्रव जोरात, खळाळत वाहत असताना त्यात लांब चेनवालं पॉलिमर अगदी थोडं घातलं तर घर्षण वाढायच्या ऐवजी धाडकन कमी होतं. दहा लाखात काही भाग एवढ्यावरही फरक दिसतो आणि घर्षण ७०-८० टक्क्यांनीही कमी होऊ शकतं. एवढ्याशा पॉलिमरने नळीतली वेळ जेमतेम हलते, पण खळाळत्या प्रवाहात भोवरे कॉइलला दोन्ही टोकांना धरून ओढतात, ती तारेसारखी ताणली जाते आणि त्या ताणामुळे भोवऱ्यांचाच जोर मोडतो. १९७९ पासून अलास्काच्या तेलाच्या पाइपलाइनमध्ये हे वापरलं गेलं. अडचण एवढीच की पंपातून जाताना या लांब चेन तुटतात आणि तुटलेली चेन या कामाला निरुपयोगी, त्यामुळे एका पंपाच्या पुढे घातलेलं पॉलिमर पुढच्या पंपापर्यंतच पुरतं, तो ओलांडला की परत नवीन घालावं लागतं.